आधार हवा, जखडणे नको

गच्चीवरच्या कुंडीतला टोमॅटो गुडघाभर झाला की अनेकजण त्याला काठी लावतात आणि खोड सुतळीने करकचून बांधतात. नुकसान इथेच होते. वाऱ्याने हलणारे खोड बुटके, पण जाड आणि भक्कम होते. मॉर्डेकाय जॅफ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये या प्रतिसादाला शास्त्रीय नाव दिले. अजिबात न हलणारे रोप उंच वाढते, पण लेचेपेचे राहते. घट्ट गाठही वाढत्या खोडात रुतते. म्हणून सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, सैल बांधावी.

आधार रोपाची सवय पाहून निवडावा. काकडी, कारले, दोडका यांचे स्प्रिंगसारखे तणावे बारीक दोरी सहज पकडतात, जाड बांबू नाही. त्यांना जाळी द्यावी. वालाचे खोडच आधाराला वेढे घालते. त्याला उभी काठी पुरते. टोमॅटोला यातले काहीच जमत नाही, त्याला बांधावेच लागते.

काठी रोप लावतानाच रोवावी. उशिरा रोवल्यास मुळे तुटतात. तिच्या टोकावर बाटलीचे बूच जरूर बसवावे. खाली वाकून काम करताना उघडे टोक डोळ्यात जाऊ शकते.