पडद्यावरची भोवळ, आकाशातले भोवरे

मध्यंतरी बाह्यरुग्ण विभागात एक आई आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला घेऊन आली. मुलाला आठवड्यात दोन-तीनदा गरगरायचं, मळमळायचं, एकदा उलटीही झाली होती. शेजारच्या कुणी तरी ‘मेंदूचा फोटो काढून घ्या’ असा सल्ला दिल्याने आई घाबरली होती. तपासणीत सगळं ठीक होतं. रक्तदाब, कान, डोळ्यांची हालचाल, डोळे मिटून उभं राहणं, कशातच काही नाही. मग मी विचारलं, ‘‘हे नेमकं कधी होतं?’’ मुलगा जरा घुटमळला. आईच म्हणाली, ‘‘डॉक्टर, तो डोळ्यांवर चष्मा चढवून विमान चालवतो ना, त्यानंतर. पण तो तर खुर्चीतून हलतसुद्धा नाही!’’

‘‘ताई, हलत नाही म्हणूनच होतं,’’ मी म्हणालो.

मुलगा लढाऊ विमानाचा सिम्युलेटर खेळत होता. शत्रूच्या विमानामागे लागला, की त्याचं विमान अचानक एका कुशीवर कलंडायचं आणि तिथेच त्याचं डोकं फिरायचं. त्याने नुकताच खेळातला एक पर्याय सुरू केला होता. पुढच्या विमानाने मागे सोडलेली खळबळलेली हवा त्यामुळे खरी वाटू लागते. मुलाची तक्रार माझ्या परिचयाची होती, ही हवेची भानगड नव्हती. म्हणून मी वाचत गेलो. मग लक्षात आलं, की या विषयाचं एक टोक आपल्या कानात आहे, तर दुसरं २६५ माणसांच्या मृत्यूपाशी.

विमानामागचा अदृश्य भोवरा

विमानाच्या पंखाखाली हवेचा दाब जास्त असतो आणि वर कमी. त्या फरकावरच विमान तरंगतं. पण पंखाच्या टोकाशी खालची हवा वळसा घालून वर जाऊ पाहते. विमान पुढे सरकत असल्याने तिचा लांबच लांब पीळ तयार होतो. असे दोन भोवरे, एकमेकांच्या उलट दिशेने फिरणारे, विमानामागे सुटतात. ते हळूहळू खाली उतरतात आणि वारा शांत असेल तर दोन-तीन मिनिटंही टिकतात. मोठ्या विमानाच्या भोवऱ्यात हवा फिरण्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरहून अधिक नोंदला गेला आहे. म्हणूनच विमानतळावर जड विमानानंतर हलक्या विमानाला काही काळ थांबवून ठेवतात.

लढाऊ विमानांचं प्रकरण आणखी वेगळं. तीव्र वळण घेताना पंखांना वजनाच्या सात-आठ पट भार पेलावा लागतो आणि भोवराही त्या प्रमाणात बळावतो. शिवाय इथे मागचं विमान मुद्दाम पुढच्याच्या शेपटीला चिकटलेलं असतं. ८ जून १९६६ रोजी अमेरिकेत छायाचित्रणासाठी काही विमानं जवळजवळ उडत होती. त्यातलं एफ-१०४ हे छोटं लढाऊ विमान एक्सबी-७० या अवाढव्य विमानाच्या पंखाच्या टोकाजवळ गेलं. तिथल्या हवेच्या ओढीत ते उलटून मोठ्या विमानाच्या शेपटीवर आदळलं. जो वॉकर आणि कार्ल क्रॉस हे दोन वैमानिक त्यात गेले.

हे संगणकावर कसं दाखवायचं? हवेच्या प्रत्येक कणाचं गणित मांडायला महासंगणकालाही बराच वेळ लागतो आणि सिम्युलेटरला तर सेकंदाला साठ-साठ चित्रं काढायची असतात. म्हणून सोपी युक्ती करतात. प्रत्येक विमान आपल्यामागे एक अदृश्य दोरी सोडत जातं, असं मानायचं. दोरीच्या प्रत्येक तुकड्याला जोर आणि वय द्यायचं. वय वाढेल तसा जोर कमी करायचा आणि तुकडा वाऱ्यासोबत सरकवत खाली उतरवायचा. दुसरं विमान त्या दोरीजवळ आलं, की त्याला किती धक्का बसेल ते मोजायचं.

इथे एक खाच आहे. विमानाच्या फक्त मध्यबिंदूवरचा वारा मोजला, तर विमान नुसतं दचकतं, खड्ड्यातून गेलेल्या एसटीसारखं. खरा धोका कलंडण्याचा असतो. तो दिसण्यासाठी डावा पंख, उजवा पंख आणि शेपटी अशा वेगवेगळ्या जागी वारा मोजावा लागतो. एका पंखाखालून हवा वर ढकलते आणि दुसऱ्याला वरून खाली दाबते, तेव्हाच विमान कुशीवर वळतं. चांगला सिम्युलेटर आणि नुसता हलवणारा खेळ यांतला हा फरक आहे.

कान काय म्हणतो?

आता त्या मुलाकडे येऊ. आपल्या अंतःकर्णात दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की आतला द्रव मागे रेंगाळतो, सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला संदेश जातो. ही यंत्रणा इतकी चपळ आहे, की डोकं हलल्यावर सुमारे शंभराव्या भागाच्या सेकंदात डोळे उलट दिशेने फिरून नजर स्थिर ठेवतात.

घाटात पुस्तक वाचताना गाडी लागते, तेव्हा कान म्हणतो ‘हलतोय’ आणि डोळे म्हणतात ‘पान स्थिर आहे’. सिम्युलेटरमध्ये नेमकं उलट होतं. क्षितिज गर्रकन फिरतं आणि कान ठामपणे सांगतो, ‘अहो, आपण खुर्चीत बसलोय’. हा तंटा सुटला नाही, की जांभया, थंड घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोकं जड होणं आणि शेवटी उलटी. १९५७ मध्ये हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर शिकणाऱ्यांत हा त्रास प्रथम नोंदवला गेला. १९९३ पासून तो मोजण्यासाठी १६ लक्षणांची एक प्रश्नावली वापरली जाते.

यातली गंमत अशी, की चित्र जितकं खरं, तितका हा तंटा मोठा. चष्म्यातलं दृश्य डोक्याच्या हालचालीमागे किंचित जरी रेंगाळलं, तरी त्यात भर पडते. सहा पायांवर हलणारे मोठे सिम्युलेटर शरीरालाही थोडा धक्का देतात, पण त्यांची धाव काही फुटांची. पूर्ण कोलांटी ते देऊ शकत नाहीत.

खोटं शिकण्याची किंमत

त्रास उलटीपुरता असता, तर मी हे इतकं लांबवलं नसतं. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं उड्डाण निघालं. पुढे नुकतंच एक बोइंग ७४७ गेलं होतं. त्याच्या भोवऱ्यात हे एअरबस विमान थोडं डगमगलं. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाने शेपटीवरचं सुकाणू पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे असं काही सेकंदांत वारंवार फिरवलं. शेपटीचा उभा पंख तुटून पडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण मेले.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००४ मध्ये निष्कर्ष काढला, की विमान भोवऱ्याने पडलं नाही. सुकाणू तसं फिरवण्याची गरजच नव्हती. त्या विमानाच्या सुकाणूची अतिसंवेदनशील रचना आणि कंपनीच्या प्रशिक्षणातले काही भाग यांनी त्यात हातभार लावला. त्या प्रशिक्षणात सिम्युलेटरवर असा प्रसंग रचला होता, की मोठ्या विमानामागे गेल्यावर विमान खूप जास्त कलंडे आणि वैमानिकाची नियंत्रणं काही क्षण मुद्दाम निष्प्रभ केली जात. त्यातून मनावर बिंबण्यासारखी गोष्ट एकच. भोवरा महाभयंकर असतो आणि त्याला जोरात उत्तर द्यायचं असतं. त्या मोठ्या विमानाच्या बाबतीत हे खरं नव्हतं.

मला इथे आमचा पुतळा आठवतो. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायला शिकवतो तो. मोठ्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची असते. पुतळ्याची स्प्रिंग ढिली पडली, तर निवासी डॉक्टरच्या हाताला तो हलका दाबच बरोबर वाटू लागतो. परीक्षेत तो उत्तीर्ण होईल, पण रात्री तीन वाजता वॉर्डात रुग्णाची छाती पुरेशी दबणार नाही. हात जे शिकतो ते घाईच्या क्षणी विचाराआधी बाहेर येतं. सराव नसण्यापेक्षा चुकीचा सराव कधी कधी जास्त धोक्याचा ठरतो, तो यामुळे.

भोवळीचंही तसंच. सिम्युलेटरमध्ये त्रास होणारा माणूस नकळत डोकं ताठ ठेवायला, डोळे मिटायला, अवघड वळणं टाळायला शिकतो. खऱ्या विमानात तीच सवय घातक ठरू शकते.

घरच्या वैमानिकांसाठी

त्या मुलाला मी खेळ सोडायला सांगितलं नाही. सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच खेळ, रोज थोडं वाढव. बहुतेकांचा मेंदू काही दिवसांत जुळवून घेतो. समोर पंखा लाव, पोट तुडुंब भरून बसू नकोस. पहिली जांभई किंवा थंड घाम आला, की थांब. ‘सहन करून बघू’ म्हणून रेटलं, तर त्रास वाढतो. आणि मुख्य म्हणजे, उठल्याबरोबर दुचाकीला किक मारू नकोस. भोवळ आणि तोल जाणं खेळानंतरही काही तास रेंगाळू शकतं. उलटीच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी गुंगी येते.

मात्र खेळाशी संबंध नसताना गरगरत असेल, एका कानाने ऐकू कमी येत असेल, बोलणं अडखळत असेल, एकाचं दोन दिसत असेल किंवा हातापायांत अशक्तपणा असेल, तर खेळावर खापर न फोडता लगेच डॉक्टरांकडे या.

महिन्याने तो मुलगा पुन्हा आला, या वेळी एकटाच. भोवळ थांबली होती. ‘‘आता मी त्याच्या सरळ मागे जातच नाही सर, थोडं वरून जातो. भोवरा खाली उतरतो ना,’’ तो म्हणाला. मी विचारलं, ‘‘आणि दुचाकी?’’ तो हसला. ‘‘अर्धा तास बसतो, मग निघतो.’’ मी त्याला म्हटलं, ‘‘तासभर बस.’’