गाठ एक, प्रकार चार

खारघर स्टेशनला उतरून रिक्षावाल्याला फक्त ‘टाटा’ म्हटले की तो पुढचा प्रश्न विचारत नाही. महाड, म्हसळा, श्रीवर्धनकडची माणसे रुग्णाला घेऊन पनवेलच्या नातेवाइकांकडे उतरतात, ती बहुतेक वेळा याच वाटेसाठी. संस्थेचे नाव ‘अॅक्ट्रेक’, परळच्या टाटा मेमोरियलचेच हे केंद्र. तिथे कर्करोगावर उपचार होतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच आवारात प्रयोगशाळा आहेत आणि तिथे मुलांच्या मेंदूतील एका गाठीवर मोलाचे काम झाले आहे, हे मात्र पनवेलकरांनाही फारसे ठाऊक नाही.

त्या गाठीचे नाव मेड्युलोब्लास्टोमा. डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत ती होते. मुलांमध्ये मेंदूचा जो कर्करोग आढळतो, त्यात हीच सर्वांत जास्त. सकाळी उठल्याउठल्या उलटी, डोकेदुखी, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे. घरात आधी पित्त म्हणतात, मग नजर लागली म्हणतात, आणि तेवढ्यात आठवडे निघून जातात. (उलटी रोज सकाळीच होत असेल आणि मूल चालताना झोकांड्या खात असेल, तर वाट पाहू नये, एवढे अम्मींनी आणि आम्हा शिक्षकांनीही लक्षात ठेवावे.)

उपचार म्हणजे आधी ऑपरेशन, मग संपूर्ण मेंदू आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन, आणि औषधे. यातून पुष्कळ मुले वाचतात. पण वाढत्या मेंदूवर पडलेले किरण आपली किंमत वसूल करतात. स्मरणशक्ती मंदावते, उंची खुंटते, गणित सुटायला दुप्पट वेळ लागतो. पालकांना अहवालात जे कळत नाही ते शिक्षकाला वहीत दिसते. म्हणून डॉक्टरांपुढचा खरा प्रश्न असा, की कोणत्या मुलाला कमी किरणांत भागेल आणि कोणाला पूर्ण मात्रा द्यावीच लागेल?

सूक्ष्मदर्शकाखाली पाहून याचे उत्तर पुरेसे मिळत नाही. तिथे जनुकांचे वाचन कामी येते. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सुमारे २०,००० जनुकांचे तेच एक पुस्तक असते. पण यकृताची पेशी त्यातली काही पाने वाचते, त्वचेची पेशी वेगळी. कोणते पान किती वाचले जाते आहे, हे त्या पानाच्या नकला मोजून कळते. या नकलांना आरएनए म्हणतात. गाठीतल्या हजारो जनुकांच्या नकला एकदम मोजल्या, तेव्हा दिसले की ही गाठ एक नसून चार आहेत. २०१२ साली जगभरच्या तज्ज्ञांनी हे चार प्रकार मान्य केले. त्यातल्या ‘डब्ल्यूएनटी’ प्रकारची मुले सर्वांत चांगली बरी होतात. ‘ग्रूप ३’ सर्वांत अवघड.

पण हजारो जनुके मोजणारे महागडे यंत्र प्रत्येक रुग्णालयात कोठून येणार? अॅक्ट्रेकमधील डॉ. नीलम शिरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजकी जनुके निवडली आणि त्यांना नऊ मायक्रोआरएनएंची जोड दिली. चाचणी कोणती? कोरोनात प्रत्येक घराच्या तोंडी झालेली तीच, आरटी-पीसीआर. आम्हाला यातली मायक्रोआरएनएची युक्ती फार आवडली. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मालिनमध्ये ठेवून मेणात बसवतात. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. फॉर्मालिनमुळे लांबलचक आरएनएचे तुकडे पडतात. मायक्रोआरएनए मुळातच बावीसएक अक्षरांचा, त्याचे आणखी काय तुकडे होणार! म्हणून गावाकडच्या रुग्णालयातून आलेल्या मेणाच्या ब्लॉकवरूनही प्रकार ओळखता येतो. २०१३ साली छापलेल्या या अभ्यासात भारतीय रुग्णांच्या १०३ गाठी होत्या. ४४ गोठवून ठेवलेल्या आणि ५९ मेणातल्या.

मोठ्यांच्या आजारातही हीच रीत वापरतात. मूत्राशयाच्या कर्करोगात गाठ पुन्हा पुन्हा उगवते, म्हणून दुर्बीण पुन्हा पुन्हा घालावी लागते. न्यूझीलंडमध्ये लघवीतल्या पाच जनुकांच्या नकला मोजणारी चाचणी तयार झाली. त्यातले एक जनुक, ही गाठ नसून नुसती सूज असेल तर ते ओळखण्यासाठी घेतले आहे. (या आजाराचे मोठे कारण विडी-सिगारेट. आणि लघवीतून रक्त गेले, मग दुखो वा न दुखो, डॉक्टर गाठावा.)

अशा शोधांत एक सापळा असतो. चाळीस मुलांच्या वर्गाला वीस हजार प्रश्न विचारले, तर एखादा प्रश्न असा निघेलच की पास झालेल्यांचे उत्तर एक आणि नापासांचे दुसरे. तो प्रश्न डब्याच्या रंगाबद्दलही असू शकतो! म्हणून निवडलेली जनुके दुसऱ्या, नव्या रुग्णांवर पुन्हा तपासावी लागतात.

आणि प्रकार अचूक ओळखला तरी उपचार आपोआप ठरत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या चमूने विचार केला, की डब्ल्यूएनटी प्रकारच्या मुलांना फक्त गाठीच्या जागी किरण द्यावेत, बाकीचा मेंदू आणि कणा वाचवावा. आईबापांच्या मनातलीच गोष्ट ती. कधी थांबायचे, हा नियम आधीच लिहून ठेवला होता. सात मुले घेतली. त्यातल्या तिघांचा आजार जिथे किरण दिले नव्हते तिथे परतला. चाचणी लगेच थांबवली आणि २०२२ साली हे अपयश जगासमोर छापले. आता विचार किरण वगळण्याचा नसून कमी करण्याचा आहे. कण्याला नेहमी २३.४ ग्रे मात्रा देतात, तिथे १८ ग्रे पुरते का, हे पाहिले जाते. या सात घरांनी जे सोसले, त्यामुळे पुढच्या कित्येक मुलांचा हा धोका टळला.

आपल्या हातात यातले थोडेच आहे, पण ते करण्यासारखे आहे. ऑपरेशन कुठेही होवो, अहवालाबरोबर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्याव्यात. टाटात त्या मागतातच. ब्लॉक मेणाचा असतो, म्हणून उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. आणि संशोधनासाठी संमतीचा कागद पुढे आला की घाबरून नाही म्हणू नये. बहुतेक वेळा मागणी असते ती तपासणीनंतर उरलेल्या तुकड्याची, त्यासाठी मुलाला पुन्हा कापत नाहीत. रक्त किंवा आणखी काही हवे असेल तर तसे त्या कागदावर लिहिलेले असते. तो मराठीत किंवा हिंदीत वाचून दाखवा म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे, घरी नेऊन अब्बा-चाचांशी बोलण्याचाही. नकार दिला म्हणून उपचार अडत नाहीत. होकार द्यायचा असेल तर सही करण्याआधी एक प्रश्न जरूर विचारावा: या तुकड्यातून आमच्या मुलाच्या उपचाराला लागेल असे काही निघाले, तर ते आम्हाला कळवाल का?