जप्त मांसाची झडती

मेलबर्नपासून सुमारे 75 किलोमीटरवरच्या जिलाँग या बंदराच्या शहरात 1985 पासून एक प्रयोगशाळा आहे. आज तिचं नाव ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर डिसीझ प्रिपेअर्डनेस. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो आणि धोक्याच्या विभागात काम करणारा माणूस अंघोळ केल्याशिवाय बाहेर पडत नाही. विमानतळांवर आणि टपाल केंद्रांत जप्त झालेलं सॉसेज आणि सुकं मांसही इथे तपासलं गेलं आहे.

एवढा बंदोबस्त कशासाठी? आफ्रिकन स्वाइन फीवर माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. त्याचा विषाणू चिवट आहे. गोठवलेल्या मांसात तो महिनोन्महिने टिकतो, खारवलेल्या मांसातही बराच काळ तग धरतो. 1957 मध्ये तो आफ्रिकेतून लिस्बनला पोचला, तो विमानातलं खरकटं डुकरांना घातल्यामुळे, असं मानतात. 2001 मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत पसरली, तिचा माग न उकळलेलं खरकटं खाणाऱ्या डुकरांपर्यंत लागला. तेव्हा साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली.

ऑगस्ट 2018 मध्ये स्वाइन फीवर चीनमध्ये शिरला आणि ऑस्ट्रेलियाने जप्त माल तपासायला घेतला. डिसेंबरमध्ये 152 पैकी 6 नमुन्यांत विषाणूचे अंश सापडले. पुढच्या फेरीत, 2019 च्या सुरुवातीला, 283 पैकी 40 नमुन्यांत.

ही तपासणी दिसते तितकी सोपी नाही. सॉसेजचा छोटा तुकडा बारीक मण्यांसोबत नळीत घालून जोरात हलवतात, की त्याचा लगदा होतो. त्यातून जनुकीय द्रव्य वेगळं काढायचं. पण चरबी, मीठ, मसाला हे पीसीआर या जनुकीय चाचणीतल्या एन्झाइमची वाट अडवतात, आणि विषाणू असूनही निकाल ‘नाही’ येऊ शकतो. म्हणून नमुन्यात एक ओळखीचा जनुकतुकडा मुद्दाम मिसळतात. तोच दिसला नाही, तर त्या नमुन्याच्या ‘नाही’वर विश्वास ठेवत नाहीत. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत शोधलेला तुकडा दुप्पट होतो. चाळीस फेऱ्यांत, निदान कागदावर, एकाचे सुमारे एक लाख कोटी होतात.

यंत्राने ‘आहे’ म्हटलं तरी विषाणू जिवंत आहे, असं ठरत नाही. शिजवलेल्या मांसात मेलेल्या विषाणूचे तुकडेही सापडतात. खात्री करायची तर डुकराच्या फुप्फुसातल्या जिवंत पेशींवर नमुना वाढवावा लागतो. स्वाइन फीवरचा विषाणू त्यात वाढला, की लाल रक्तपेशी बाधित पेशीभोवती चिकटून फुलासारखी रांगोळी काढतात. हे काम किचकट, वेळखाऊ आणि कडेकोट बंदोबस्तातच करायचं. जपानने एप्रिल 2019 मध्ये प्रवाशाच्या सॉसेजमधून जिवंत विषाणू वेगळा केल्याचं जाहीर केलं. धोका कागदी नव्हता, हे तेव्हा सिद्ध झालं.

जुलै 2022 मध्ये मेलबर्नच्या दुकानांत विकायला ठेवलेल्या पोर्क फ्लॉसमध्ये, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सुक्या तंतूंत, लाळ्या-खुरकूत आणि स्वाइन फीवर, दोन्हींचे अंश मिळाले. जिवंत विषाणू मिळाला नाही, आणि देशाचा रोगमुक्त दर्जा टिकला. अशा वेळी प्रयोगशाळेचं मोठेपण ‘सापडलं’ म्हणण्यात नसतं; नेमकं काय सापडलं आणि काय नाही, हे न घाबरवता सांगण्यात असतं.

आपल्याकडे हे काम भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे आहे. 2020 मध्ये आसाममध्ये आलेला स्वाइन फीवर तिनेच पक्का केला. लाळ्या-खुरकूत तर आपल्या गोठ्यांत आहेच, म्हणून ऑस्ट्रेलिया भारतातून येणारं मांस आणि दुधाचे पदार्थ संशयाने बघतं. 2019 मध्ये कच्चं डुकराचं मांस लपवून आणणाऱ्या एका प्रवासी बाईचा व्हिसा रद्द करून तिला सिडनी विमानतळावरूनच परत पाठवलं होतं. तेव्हा मेलबर्नच्या लेकीसाठी डबा भरताना आत काय आहे, ते उतरल्यावर प्रवाशांच्या कार्डावर न लपवता लिहा. फार तर डबा तिथेच राहील.