पदवीविना कारकीर्द : कौशल्याची परीक्षा आणि तिची किंमत

महाविद्यालयाची पदवी न घेता चांगली कारकीर्द घडवता येते का, या प्रश्नाची चर्चा मराठी घरांत बहुतेक वेळा दोन टोकांना अडकते. एका टोकाला शिक्षण अर्धवट सोडून अब्जाधीश झालेल्या परदेशी संगणक-उद्योजकांचे दाखले असतात, तर दुसऱ्या टोकाला दहावीत गुण कमी पडले म्हणून नाइलाजाने आयटीआयला घातलेल्या मुलाविषयीची हळहळ असते. पहिला दाखला लाखांत एखाद्यालाच लागू पडतो, आणि दुसऱ्या हळहळीत कसबी कामाविषयीचे अज्ञान दडलेले असते. पदवीविना उभ्या राहिलेल्या आणि टिकलेल्या बहुसंख्य कारकिर्दी कारखान्यांत, जहाजगोदीत, वीजवितरणात आणि दुरुस्तीच्या व्यवसायांत आढळतात. त्यांच्यामागेही रीतसर शिक्षण असते. फक्त ते वेगळ्या जागी, वेगळ्या पद्धतीने आणि वेगळ्या परीक्षेला सामोरे जाऊन घेतलेले असते.

पदवीचे रोजगाराच्या बाजारातील एक मुख्य काम माहिती पुरवण्याचे आहे. समोरचा उमेदवार प्रत्यक्षात काय करू शकेल हे अर्ध्या तासाच्या मुलाखतीत कळत नाही, म्हणून तीन-चार वर्षे नेमाने अभ्यास करून परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा मालक मागतो. अर्थशास्त्रात अशा पुराव्याला ‘संकेत’ म्हणतात आणि या विचाराची पद्धतशीर मांडणी मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली केली. या मांडणीची दुसरी बाजू मात्र क्वचितच बोलली जाते. जिथे काम डोळ्यांनी पाहता येते, मोजता येते किंवा यंत्राने तपासता येते, तिथे अशा अप्रत्यक्ष पुराव्याची गरज कमी होते, कारण केलेले कामच उमेदवाराची साक्ष देते.

वेल्डिंगच्या व्यवसायात ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. तेलशुद्धीकरण कारखान्यात, वीजकेंद्रात किंवा बॉयलरच्या कामावर उच्च दाबाच्या नळ्या जोडणाऱ्या वेल्डरला बहुधा ‘सिक्स-जी’ नावाची चाचणी द्यावी लागते. या चाचणीत नळी ४५ अंशांच्या कोनात घट्ट बसवलेली असते आणि ती फिरवण्याची मुभा नसते, त्यामुळे वेल्डरला स्वतःच नळीभोवती फिरत, खालून डोक्यावर हात धरून, मग कडेने आणि शेवटी वरून असे सर्व स्थितींत सांधा भरावा लागतो. सर्वांत आतला थर, ज्याला कारखान्यात ‘रूट’ म्हणतात, तो दोन्ही तुकड्यांच्या कडा आतपर्यंत वितळवून बसला नाही तर पुढचे थर कितीही सुबक दिसले तरी सांधा कच्चाच राहतो. दोन थरांच्या मध्ये साचलेली मळी, म्हणजे स्लॅग, छिन्नीने आणि ग्राइंडरने काढली नाही, तर ती आत अडकते. मग त्या सांध्याचे क्ष-किरण चित्र घेतले जाते किंवा त्यातून पट्टी कापून ती वाकवून पाहिली जाते. आतील बुडबुडा, अडकलेली मळी किंवा न वितळलेली कड तिथे लपत नाही. अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या, म्हणजे एएसएमईच्या, प्रचलित नियमावलीनुसार वेल्डरने सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग केले नाही तर त्याची पात्रता संपते आणि त्याला पुन्हा चाचणी द्यावी लागते. विद्यापीठाची पदवी एकदा मिळाली की आयुष्यभर पुरते. इथे पात्रता सतत वापरून जिवंत ठेवावी लागते. असे असताना या कामाला ‘न शिकलेल्याचे काम’ समजणे अन्यायाचे आहे.

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातही या मार्गाची परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईच्या जे. जे. कला शाळेत गेले, परंतु आंशिक रंगांधळेपणामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले. त्यांनी यांत्रिक रेखांकन शिकून घेतले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापनही केले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे नव्हती. यंत्रविद्या त्यांनी संस्थेतील यंत्रे हाताळून आणि पुस्तके-मासिके वाचून आत्मसात केली. बेळगावातील सायकलच्या दुकानापासून लोखंडी नांगरापर्यंत आणि १९१० साली वसलेल्या किर्लोस्करवाडीपर्यंतचा त्यांचा प्रवास परिचित आहे. त्यापेक्षा कमी परिचित, पण या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची बाब अशी की, त्या माळरानावरच्या कारखान्यात यंत्रांवर उभे राहिलेले अनेक कामगार कोणत्याही तांत्रिक शाळेतून आलेले नव्हते. त्यांना कारखान्यानेच काम करता करता शिकवले. एका कर्तबगार माणसाच्या चरित्रापेक्षा ही शिकवण्याची व्यवस्था अधिक अनुकरणीय आहे, कारण कर्तबगारी वाटून देता येत नाही, व्यवस्था मात्र उभी करता येते.

स्वातंत्र्यानंतर अशी व्यवस्था देशभर उभी करण्याचा प्रयत्न झाला. केंद्र सरकारने १९५० साली शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली आणि तिच्यातूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, आकाराला आल्या. आज महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय असून खासगी संस्था त्याखेरीज आहेत. इथे विषयाला किंवा शाखेला ‘ट्रेड’ म्हणतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन यांसारखे ट्रेड दोन वर्षांचे असतात, तर वेल्डर, प्लंबर यांसारखे एक वर्षाचे. बहुतेक ट्रेडना दहावी उत्तीर्ण असावे लागते, मात्र वेल्डर आणि वायरमन यांसारख्या काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्यालाही प्रवेश मिळतो.

फिटरच्या विद्यार्थ्याचे पहिले काही आठवडे बेंच व्हाइससमोर, म्हणजे टेबलाला जखडलेल्या पकडीसमोर, कानस चालवण्यात जातात. पोलादाचा एक चौकोनी तुकडा पकडीत धरून त्याची प्रत्येक बाजू सपाट आणि शेजारच्या बाजूशी काटकोनात येईपर्यंत तो कानसायचा असतो. कानशीवरचा दाब एका हातात जास्त झाला की पृष्ठभागाला गोलाई येते, आणि ट्राय स्क्वेअर लावून तुकडा उजेडासमोर धरला की फटीतून येणारा प्रकाश ती चूक दाखवून देतो. नंतर मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारे व्हर्नियर आणि शंभरावा भाग मोजणारा मायक्रोमीटर हाताळताना विद्यार्थ्याला अचूकतेचा जो अर्थ समजतो, तो फळ्यावर शिकवून समजत नाही. हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून तो उरकून टाकण्याची प्रवृत्ती काही संस्थांमध्ये आहे, आणि त्याचा तोटा त्या विद्यार्थ्याला पुढे सीएनसी यंत्रावर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार चालणाऱ्या यंत्रावर, उभे राहिल्यावर कळतो. कारण बटणे दाबणे महिन्याभरात जमते, पण कापलेला भाग का बिघडला हे ओळखणारी नजर या पायाभरणीतूनच तयार होते.

आयटीआयनंतरची पायरी म्हणजे शिकाऊ उमेदवारी, जिला बोलीत ‘ॲप्रेंटिसशिप’ म्हणतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ सालचा आहे. त्यानुसार कारखाना आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो, तो नोंदवला जातो आणि उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. २०१९ साली सुधारलेल्या नियमांनी ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले, एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के ही त्यांची मर्यादा ठरवली, आणि शैक्षणिक पात्रतेनुसार किमान विद्यावेतन दरमहा ५,००० ते ९,००० रुपये निश्चित केले. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय उत्तीर्ण अशा वेगवेगळ्या गटांतून उमेदवार घेतले जातात. परळ आणि माटुंगा येथील रेल्वेच्या कार्यशाळाही या परंपरेतल्या आहेत. अशी उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या पहिल्या स्तरावरील भरतीत २० टक्के जागा राखून ठेवल्या जातात.

कायद्याचा हा आराखडा चांगला असला तरी प्रत्यक्षातील दोष झाकून चालणार नाही. कायद्याच्या दृष्टीने शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. त्यामुळे कामगार कायद्यांतील अनेक तरतुदी त्याला लागू होत नाहीत आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन कारखान्यावर नसते. या सवलतीचा हेतू असा की, मालकाने निर्धास्तपणे मुलांना शिकवावे. परंतु जिथे शिकवण्याची इच्छाच नाही, तिथे उमेदवाराला वर्षभर एकाच प्रेसवर एकच भाग काढायला लावले जाते, मुदत संपली की त्याच्या जागी नवी तुकडी येते, आणि बाहेर पडलेल्या तरुणाच्या हाती प्रमाणपत्र असते, पण कसब नसते. पदवीविना कारकिर्दीच्या मार्गातील हा सर्वांत मोठा खड्डा आहे. तो बुजवण्याची जबाबदारी उद्योगांची आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेची आहे, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांवर ती ढकलता येणार नाही.

उमेदवारीनंतर ज्याला स्वतःच्या पायावर उभे राहायचे असते, त्याच्यासाठी परवान्यांचे महत्त्व मोठे आहे. महाराष्ट्रात विजेच्या जोडणीचे काम अधिकृतपणे करण्यासाठी वायरमनचा परवाना लागतो आणि अनुभव व परीक्षेच्या आधारे पुढे पर्यवेक्षकाचा परवाना मिळवता येतो. अशा परवानाधारकांच्या बळावरच विद्युत ठेकेदाराचा व्यवसाय उभा राहतो. साखर कारखान्यांत बॉयलर सांभाळणाऱ्या अटेंडंटला बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते आणि त्यातही द्वितीय व प्रथम असे वर्ग असतात. या परीक्षांची तयारी कामावर असतानाच करता येते, पण त्यांची माहिती अनेक तरुणांपर्यंत पोहोचत नाही आणि दहा वर्षांचा अनुभव असूनही ते हाताखालचे मदतनीसच राहतात.

जर्मनीत याच मार्गाला समाजाने दिलेला मान अभ्यासण्याजोगा आहे. तेथील ‘दुहेरी’ पद्धतीत विद्यार्थी आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळेत शिकतो, हे शिक्षण साधारण तीन ते साडेतीन वर्षे चालते आणि १९६९च्या व्यवसायशिक्षण कायद्याने त्याची चौकट ठरवली आहे. पुढे अनुभव घेऊन जो ‘माइस्टर’, म्हणजे उस्ताद कारागीर, ही परीक्षा देतो, त्याची पात्रता तेथील राष्ट्रीय आराखड्यात सहाव्या स्तरावर, म्हणजे विद्यापीठाच्या प्रथम पदवीच्या बरोबरीने, नोंदली जाते. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हापासून या पद्धतीची चर्चा मराठी तरुणांतही होऊ लागली आहे. परदेशी जाण्याची संधी स्वागतार्ह आहे. परंतु तिथे जाण्यासाठी जर्मन भाषा पक्की शिकावी लागते, आणि कसबाला प्रतिष्ठा मिळवण्यासाठी देश सोडावा लागू नये, ही अपेक्षाही रास्त आहे.

पदवीविना सर्व दारे उघडतात असा समज करून देणे चुकीचे ठरेल. वैद्यक, वकिली, महाविद्यालयीन अध्यापन आणि शासकीय सेवेतील अनेक पदे यांना पदवी लागतेच. उलट, ज्या व्यवसायाला समाज अत्यंत प्रतिष्ठेचा मानतो त्या सनदी लेखापालाच्या, म्हणजे सीएच्या, अभ्यासक्रमात बारावीनंतर थेट प्रवेश घेता येतो, आणि परीक्षांबरोबर प्रत्यक्ष कार्यालयात उमेदवारी करून पदवीविनाही सनद मिळते. आयटीआय निवडल्याने पुढचे शिक्षण कायमचे बंद होते ही समजूतही खरी नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात. कारखान्यात चार-पाच वर्षे घालवून मग पदविका करणारा विद्यार्थी गणितात मागे असला तरी यंत्ररचनेच्या विषयात वर्गाच्या पुढे असतो, हा अनेक अध्यापकांचा अनुभव आहे.

दहावीही पार करू न शकलेल्यांचा विचार यात राहून जाऊ नये. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला, तो अशाच ग्रामीण तरुणांना डोळ्यांसमोर ठेवून. अमेरिकेतून पीएच.डी. घेतलेल्या आणि मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेल्या या शास्त्रज्ञाचा ठाम विश्वास होता की, हाताने काम करत शिकणे ही शिकण्याची मूळ पद्धत आहे. तेथील निवासी अभ्यासक्रमात फॅब्रिकेशन, वीजजोडणी, बांधकाम, शेती आणि अन्नप्रक्रिया अशी अनेक कामे शिकवली जातात आणि विद्यार्थ्यांनी गावाची खरी कामे करून शिकावे यावर भर असतो. अशा तरुणाला सुरुवातीला एकाच ट्रेडमध्ये बांधून न घालण्याचा हा विचार दूरदृष्टीचा आहे, आणि त्याला राज्यभर जेवढा विस्तार मिळायला हवा होता तेवढा मिळालेला नाही.

दहावीच्या निकालानंतर आयटीआयचे प्रवेश सुरू होतात आणि विकल्प भरताना पालक बहुधा संस्थेचे अंतर व मागील वर्षीचे गुण एवढेच पाहतात. मुलीच्या बाबतीत तर शिवणकाम किंवा संगणकाचा ट्रेड परस्पर निवडला जातो आणि फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा विचारच होत नाही. पालकांनी विकल्प भरण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला घेऊन एक दिवस संस्थेच्या कार्यशाळेत जावे, किती यंत्रे चालू आहेत आणि निदेशकांची पदे भरलेली आहेत का ते पाहावे, ट्रेडला राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे का हे विचारावे आणि मागच्या तुकडीतील विद्यार्थी शिकाऊ उमेदवार म्हणून कोणत्या कारखान्यांत गेले त्याची यादी मागावी. ही यादी दाखवायला संस्था टाळाटाळ करत असेल, तर दुसरी संस्था शोधावी.