जुन्या रिव्हॉल्व्हरवर भरवसा ठेवण्याआधी

हिंगणी हे बोर व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेले गाव. इथल्या किंवा कुठल्याही गावातल्या परवानाधारकाकडे वापरलेले रिव्हॉल्व्हर आले, की पहिला प्रश्न एकच: यावर विसंबावे का?

वरचा रंग झिजला म्हणजे शस्त्र निकामी झाले, असे नाही. खरी झीज आत असते. आधी सगळी काडतुसे काढा. नळीत गंज किंवा फुगवटा आहे का, ते पाहा. घोडा पूर्ण ओढल्यावर चक्र घट्ट बसले पाहिजे. ते हलत असेल तर गोळीचे घर नळीच्या रेषेत येत नाही आणि धोका चालवणाऱ्यालाच होतो. स्प्रिंग सैल पडली की घोड्याचा आघात कमी पडतो, काडतूस फुटत नाही. वर्षानुवर्षे ओलीत पडलेली काडतुसेही दगा देतात. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करावी आणि अधिकृत रेंजवर चाचणी घेतल्याशिवाय शस्त्र कमरेला लावू नये.

कायदाही लक्षात ठेवा. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, झाकलेले आणि स्वतःच्या ताब्यात हवे. शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत 5 वर्षे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. म्हणून बोरच्या जंगलात जाताना ते घरी, कुलपात ठेवा.

तपासल्याशिवाय भरवसा नको, आणि शंका असेल तर ते शस्त्र वापरूच नका.