शेतातला फोटो 'ढगात' नेमका राहतो कुठे? समजून घ्या क्लाउड स्टोरेजचे प्रकार

माळशिरस तालुक्यातला शेतकरी बांधावर उभा राहून ई-पीक पाहणी ॲपमध्ये उसाचा किंवा डाळिंबाचा फोटो काढतो. शिवारात रेंज नसेल तर फोटो मोबाइलमध्येच थांबतो आणि रेंज मिळाली की अपलोड होतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही पद्धत राज्यभर सुरू आहे. सातबाऱ्यातल्या गाव नमुना १२ वरची पिकाची नोंद यावरूनच होते. हमीभावाने विक्री असो वा नुकसानभरपाई, आधी हीच नोंद पाहिली जाते. म्हणूनच 'अपलोड झाले' म्हणजे काय झाले, हे माहीत असलेले बरे.

क्लाउड म्हणजे ढग नव्हे. मोठ्या इमारतीत रांगेने लावलेले सर्व्हर आणि त्यातल्या डिस्क, एवढाच त्याचा अर्थ. ॲमेझॉनची अशी केंद्रे मुंबईत २०१६ पासून आहेत, मायक्रोसॉफ्टची पुण्यात २०१५ पासून. सरकारी कामासाठी केंद्राचा 'मेघराज' हा उपक्रम आहे आणि सरकारी डेटा भारतातच ठेवण्याची अट त्यात आहे.

मात्र सगळा डेटा एकाच पद्धतीने ठेवला जात नाही. फोटो, व्हिडिओ, पीडीएफ अशा गोष्टींसाठी सर्वसाधारणपणे 'ऑब्जेक्ट स्टोरेज' वापरतात. यात फाइलचे फोल्डर नसते. अख्खा फोटो एक वस्तू म्हणून ठेवला जातो, त्याला एक स्वतंत्र ओळख मिळते आणि सोबत माहितीची चिठ्ठी जोडली जाते: तारीख, गट क्रमांक, अक्षांश-रेखांश. फोटोचा एखादा कोपरा जागच्या जागी बदलता येत नाही. बदल हवा असेल तर पूर्ण नवा फोटो ठेवावा लागतो. गैरसोय वाटेल, पण याच साधेपणामुळे कोट्यवधी फोटो स्वस्तात मावतात. ॲमेझॉनने 'एस-थ्री' ही अशी सेवा २००६ मध्ये आणली. तिथे एकाच वस्तूचे भाग वेगवेगळ्या इमारतींत ठेवले जातात, त्यामुळे एक डिस्क जळाली तरी फोटो शाबूत राहतो.

सातबाऱ्याचे गणित वेगळे आहे. फेरफार मंजूर झाला की एका खात्यातले एक नाव बदलते, बाकी सगळे तसेच राहते. अशा डेटाबेसला 'ब्लॉक स्टोरेज' लागते. डिस्कचे सारख्या आकाराचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि हवा तो तुकडाच बदलायचा. शिवाराचे गट पाडावेत तसेच हे, फक्त इथे गट सारख्याच आकाराचे असतात आणि पोटहिस्से पडत नाहीत! वेग जबरदस्त, पण दरही जास्त.

तिसरा प्रकार 'फाइल स्टोरेज' कार्यालयात काम करणाऱ्यांना न सांगता कळेल. तालुका, गाव, वर्ष असे फोल्डरमध्ये फोल्डर, आणि तीच फाइल अनेक संगणकांवर उघडते. जुन्या, क्वचितच लागणाऱ्या कागदांसाठी 'आर्काइव्ह' असते. ते सर्वांत स्वस्त, पण फाइल हाती यायला कधी कधी काही तास लागतात. रेकॉर्ड रूममधला रुमाल सोडायलाही तेवढाच वेळ लागायचा म्हणा.

खरी मेख प्रकारात नाही, प्रतीत आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली. कर्मचाऱ्यांच्या 'जी-ड्राइव्ह'मधला ८५८ टेराबाइट डेटा गेला. त्याची दुसरीकडे प्रत नव्हती, कारण आकार फार मोठा असल्याचे सांगितले गेले. सरकार तंत्रज्ञानात पुढारलेले होते, तरीही.

आणखी एक गल्लत होते. एकाच डेटाच्या तीन प्रती ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून नोंद पुसली तर ती तिन्ही ठिकाणी पुसली जाते. त्यासाठी ठरावीक काळाने काढलेली, वेगळ्या जागी ठेवलेली आणि मधूनमधून उघडून पाहिलेली प्रत लागते.

शेतकऱ्याच्या हातातही थोडे आहेच. पीक पाहणीचा मूळ फोटो मोबाइलमधून लगेच डिलीट करू नये, नोंद गाव नमुना १२ वर आली का ते पाहावे आणि १५ रुपयांत मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरवून ठेवावा. त्यावरच्या पडताळणी क्रमांकाने तो खरा असल्याची खात्री कोणालाही महाभूमीच्या संकेतस्थळावर करता येते.