क्यूआर कोड, दीक्षा आणि ऊसतोडीचा हंगाम

बीड जिल्हा : तालुके 11. दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. परततात मार्च-एप्रिलमध्ये. गावी राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं. फडावर गेलेल्या मुलाच्या दप्तरात पुस्तक असलं, तरी समोर फळा नसतो.

दीक्षा : केंद्र सरकारचा शैक्षणिक मंच, सुरुवात 5 सप्टेंबर 2017. ॲप विनामूल्य. नेट असताना धडा डाउनलोड करून ठेवला की वर्गात नेट लागत नाही. रेंज बेभरवशाची असेल, तिथे शिक्षकांना हीच सोय सर्वांत कामाची.

क्यूआर कोड : जन्म जपानमध्ये, 1994. चौकोनात धड्याचा व्हिडिओ नसतो, फक्त त्याचा पत्ता असतो. पाठ्यपुस्तकातला कोड दीक्षा ॲपने स्कॅन होत नसेल, तर सोबत छापलेली सहा अक्षरं त्याच ॲपमध्ये टाइप करावीत.

परितेवाडी, ता. माढा, जि. सोलापूर : इथल्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. रक्कम 10 लाख डॉलर. त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर 9 शिक्षकांना दिली.

पीडीएफ : बालभारतीची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर विनामूल्य.